हेल्मेट स्वस्त चालेल, सैल नको: रोज स्कूटर चालवणाऱ्यांनी या चुका टाळा

हेल्मेट घेताना बहुतेकजण आधी रंग बघतात, मग किंमत, आणि मापाची वेळ येते तेव्हा ‘बसतंय की!’ म्हणून मोकळे होतात. खरं तर क्रम नेमका उलटा हवा. प्रमाणित हेल्मेट कितीही साधं असलं तरी ठरलेल्या चाचण्यांतून गेलेलं असतं. वरचे पैसे बरेचदा हलकं वजन, खेळती हवा, कमी आवाज आणि नक्षीकाम यांचे असतात. रोजच्या स्कूटरला यातलं फारसं काही नसलं तरी अडत नाही. पण महागडं हेल्मेट डोक्यावर डगडगत असेल, तर ते पैसे पाण्यात गेले.

मापासाठी टेप भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटीमीटरवर धरा आणि डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. ५७-५८ सेंटीमीटर आलं तर साधारण मीडियम, ५९-६० आलं तर लार्ज. तरी कंपनीगणिक तक्ता बदलतो, तो बघाच. मग हेल्मेट घालून दोन्ही हातांनी धरा, मान स्थिर ठेवा आणि हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची आणि गालाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, म्हणजे माप मोठं. आता पट्टा लावा, मागची कड पकडून हेल्मेट वर-पुढे ढकलून बघा. निघून आलं तर ते परत ठेवा, मग रंग कितीही आवडलेला असो.

नवं हेल्मेट गालांवर थोडं दाबणारच. गालाच्या गाद्या वापरून दबतात आणि मोकळं वाटू लागतं. कपाळाचं तसं नाही. दहा-पंधरा मिनिटं घातल्यावर कपाळावर एकाच जागी ठणका लागला, लाल वळ उठला, तर त्या हेल्मेटचा आकारच तुमच्या डोक्याशी जुळत नाही. कुणाचं डोकं लांबट, कुणाचं गोल. अशा वेळी एक माप मोठं घेण्याची चूक फार जण करतात. दुसरं मॉडेल बघा. चष्मा असेल तर तो लावूनच हे सगळं करा.

स्कूटरवाल्यांची खास चूक म्हणजे डिक्कीत मावेल असं हेल्मेट निवडायचं. डिक्कीच्या मापापायी हनुवटी उघडी ठेवणारं हेल्मेट घेतलं जातं. फुल फेस मावत नसेल तर सीटखालच्या हुकला अडकवा किंवा हातात घेऊन जा. आरशावर टांगू नका. आरशाचं टोक आतल्या थर्माकोलवर रोज दाब देतं आणि तिथे खड्डा पडत जातो.

हा थर्माकोल म्हणजेच हेल्मेटचं खरं काम करणारा भाग. बाहेरचं कवच धक्का पसरवतं, आतला थर स्वतः चिरडून तो पचवतो. एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून काही दिसतही नाही. म्हणून डोकं आपटलेलं हेल्मेट बदलायचं, आणि इतिहास माहीत नसलेलं जुनं हेल्मेट फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही. दिखाऊ टोपीवजा हेल्मेट ओळखायची खूणही इथेच आहे: चांगल्या हेल्मेटात हा थर साधारण अडीच सेंटीमीटर जाड असतो, नकलीत नुसता पातळ फोम. आयएस ४१५१ (भारतीय), ईसीई २२.०६ (युरोपीय) किंवा डॉट (अमेरिकी) अशी सुरक्षा मानकाची खूण बघा, पण स्टिकर कुणीही चिकटवू शकतं. अस्तर बाजूला करून आत डोकावलेलं बरं.

पट्ट्याबद्दल काय सांगावं! कोपऱ्यापर्यंतच जायचंय म्हणून तो लोंबकळत ठेवणारे रोज दिसतात. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, पण पडण्याच्या क्षणी ते डोक्यावर असायला हवं ना. पट्टा आणि हनुवटीमध्ये एक-दोन बोटं जावीत, जास्त नाही. खटक्याच्या बक्कलचा पट्टा हळूहळू सरकून ढिला होतो, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी लांबी पुन्हा बसवा. ‘खट्’ आवाज आला तरी एकदा ओढून बघा; धूळ बसलेलं बक्कल कधीकधी अर्धवटच अडकतं.

सफाई सोपी आहे: सौम्य साबण, कोमट पाणी, सावलीत वाळवणं. पेट्रोल किंवा थिनर लावला तर डाग जाईल, पण प्लास्टिकचं कवच आतून ठिसूळ होऊ शकतं. अपघात झाला नसला तरी साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

राहिली काच. ती धुळीसकट कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे आलेच. ओलं फडकं पाच मिनिटं तिच्यावर ठेवा, धूळ सुटू द्या, मग पुसा. वाफ धरत असेल तर वरची हवेची भोकं उघडा, सिग्नलला काच बोटभर वर करा. काळी काच दिवसापुरतीच. रात्री समोरच्या दिव्याभोवती रेघांचं जाळं दिसू लागलं, तर पूर्ण हेल्मेट बदलायची घाई नको. त्याच मॉडेलची सुटी काच मिळते का बघा, बहुतेक वेळा ती नव्या हेल्मेटच्या मानाने खूपच कमी पैशांत येते.