संत्र्याचा कोर्स आणि कमिशनवर विकणारे जोडीदार

ऑनलाइन कोर्स तयार करणं एक वेळ जमतं. तो विकणार कोण, इथे गाडी अडते. आम्ही संत्रा बागायतदारांसाठी मराठीत व्हिडिओ कोर्स केला : ताण कधी द्यायचा (म्हणजे फुलोऱ्याआधी पाणी कधी तोडायचं), डिंक्या हा खोडातून डिंक गळणारा रोग कसा ओळखायचा, फळगळ का होते. जाहिरातीला लावायला पैसे नव्हते. विक्री झाली तरच कमिशन, ही अ‍ॅफिलिएट पद्धत म्हणूनच परवडली. नागपूरकडून असंच काही विकू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

जोडीदार निवडताना त्याचे सबस्क्रायबर मोजू नका. ज्या चॅनेलवर आज ट्रॅक्टर आणि उद्या कर्जाचं अ‍ॅप येतं, तिथे आपला कोर्स परवा विसरला जातो. त्यापेक्षा काटोल-नरखेडकडचा रोपवाटिकावाला बरा, ज्याच्याकडे शेतकरी पिवळी पडलेली डहाळी घेऊन येतो आणि विचारतो, ‘भाऊ, हे काय झालं?’ नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्याची ओळख दांडगी असते, पण त्याच्याकडे लोक भाव विचारायला जातात, बागेचं दुखणं सांगायला नाही. असे विश्वासाचे चार-पाच जण मिळाले तरी सुरुवातीला पुरे. त्यांना आधी कोर्स फुकट द्या आणि पूर्ण पाहायला लावा. न पाहता विकायला तयार होणारा माणूस मला नकोच वाटतो.

हमखास येणारा प्रश्न : ‘हे साखळीवालं तं नाही ना?’ त्यावर चिडू नका, विचारणाऱ्याने कुठेतरी पोळून घेतलेलं असतं. सरळ सांगा की जोडीदार व्हायला पैसे लागत नाहीत, नवा जोडीदार आणल्याचं काही मिळत नाही, कमिशन फक्त कोर्स विकला गेला तर. माणसं जोडण्यावर पैसा फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनाही बाद केल्या आहेत.

आता विक्री कोणत्या जोडीदारामुळे झाली हे कळायला त्याला लिंक द्यायची की कोड? लिंकची नोंद ब्राउझरच्या कुकीत, म्हणजे त्याच फोनमधल्या छोट्या फाइलीत, राहते. आपल्याकडे होतं असं, की लिंक पोराच्या फोनवर उघडते, घरात चर्चा होते आणि आठवड्याने पैसे बापाच्या फोनवरून जातात. कुकी तिथे पोचतच नाही. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट योजनेत तर क्लिकनंतर कमिशन धरण्याची मुदत साधारण २४ तासांचीच असते. म्हणून प्रत्येकाला कूपन कोड द्या, फोनवर तोंडी सांगता येईल आणि दुकानाच्या बिलामागे लिहिता येईल असा. त्यावर खरेदीदाराला थोडी सूट ठेवली की तो कोड आठवणीने टाकतो.

हिशेब आधीच कागदावर मांडा. समजा, किंमत १,१८० रुपये. त्यात १८ टक्के जीएसटीचे १८० आले. ३० टक्के कमिशन उरलेल्या १,००० वर, म्हणजे ३००. ते १,१८० वर नाही हे जोडीदाराला पहिल्याच दिवशी सांगा, पुढची भांडणं वाचतात. पेमेंट गेटवेने, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या सेवेने, साधारण २ टक्के आणि त्यावरचा कर घेतला की तुमच्या हाती पावणेसातशेच्या आसपास राहतात. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, पण किंमत ठरवताना कर धरूनच ठरवा. कमिशन रिफंडची मुदत उलटल्यावरच द्या. नाहीतर कोणी मेव्हण्याच्या नावाने कोर्स घेतो, कमिशन उचलतो आणि रिफंडही मागतो.

जोडीदाराने ‘मला यातून कमिशन मिळतं’ हे उघड सांगायलाच हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खरं तर गावात असं सांगितल्याने विश्वास घटत नाही, उलट लपवलं तर बोंब होते. ‘एकरी इतके टन हमखास’ असली वाक्यं मात्र अजिबात चालवून घेऊ नका. मजकूर तुम्हीच लिहून द्या, सोबत एखादा मिनिटभराचा व्हिडिओ द्या.

तोही वेळेवर. अंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडायचे दिवस डिसेंबरच्या आसपास येतात, फळगळीची ओरड ऑगस्ट-सप्टेंबरात. त्याच्या पंधरा दिवस आधी मजकूर जोडीदाराच्या हातात हवा. ऐन तोडणीत कोणाला व्हिडिओ पाहायला सवड नसते.

राहिला टीडीएस, म्हणजे कमिशन देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर. वर्षाचं कमिशन २०,००० रुपयांवर गेलं की कंपनी किंवा भागीदारी फर्मला २ टक्के कापावे लागतात. एकट्या मालकाला, आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल १ कोटीवर गेली असेल तरच. पॅन नसेल तर कपात थेट २० टक्के. त्यामुळे कोड देण्याआधी पॅन आणि बँकेचा तपशील मागून घ्या. वर्षाअखेरीस फोन करत बसलात, तर निम्मे जोडीदार शेतात असतात.