पन्हाळ्याला जाताय? मग या चुका टाळा

पन्हाळ्याची खरी अडचण म्हणजे गाडी थेट वर जाते. कोल्हापुरातून जेमतेम 20 किलोमीटर, वाघबीळच्या पुढचा चढ संपला की नाक्यावर पावती फाडायची आणि आत. आत गाव आहे, हॉटेलं आहेत, कणसं भाजणारे आहेत. त्यामुळे हा गड आहे हे आम्ही कोल्हापूरकरच विसरतो. पाहुणे आले की ‘चला, पन्हाळ्यावर चक्कर टाकून येऊ’. त्या चकरेत बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो, तबक उद्यान, झुणका-भाकर, झालं. तटबंदी मात्र 7 किलोमीटरहून जास्त आहे, आणि गाडीच्या काचेतून त्यातलं फारसं काही दिसत नाही.

पहिली चूक रविवारी अकराला निघण्याची. त्यात ‘जाता जाता जोतिबा पण करू’. रविवार हा जोतिबाचाच वार, आणि केर्लीपर्यंत दोघांचा रस्ता एकच. मग निम्मा दिवस गाडीत जातो. दोन्ही करायचंच असेल तर सकाळी सातला शिवाजी पूल ओलांडलेला बरा. नुसता गड बघायचा तर मधला वार धरा, गाडी एकाच ठिकाणी लावा आणि चाला.

अंबरखाना बाहेरून बघून पुढे जाऊ नका. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. एकट्या गंगेत 25,000 खंडी धान्य मावायचं म्हणतात. आत गेल्यावर मान वर करा. छताला धान्य ओतायची भोकं आहेत, त्यातून उजेडाचा पट्टा खाली पडतो. अंधारबावीत मोबाईलच्या उजेडावर जाऊ नका, साधी बॅटरी घ्या. तीन मजली बांधकाम आहे, पाणी तळाला, पायऱ्या ओल्या. शेजारचा तीन दरवाजा संध्याकाळी बघा. तो गडाच्या पश्चिम अंगाला असल्यानं कलत्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदानं अवघ्या 60 मावळ्यांनिशी हा गड घेतला. त्यांनी तो चढ रात्री कसा काढला असेल, हे तटावरून खाली बघितलं की थोडं कळतं.

आता पायातलं. माझे पुण्याचे मेहुणे आदल्या दिवशी घेतलेली करकरीत कोल्हापुरी घालून आले. दिवस श्रावणाचे. मी बूट देतो म्हणालो तर म्हणाले, ‘‘दाजी, कोल्हापुरात येऊन बूट घालू?’’ राजदिंडीच्या, म्हणजे गडावरून खाली जाणाऱ्या जुन्या वाटेच्या, उतारावर शेवाळलेल्या दगडावर पाय पडला आणि पुढच्या चार पायऱ्या ते बसूनच उतरले. चामड्याचा तळ ओल्या दगडावर धरतच नाही, शिवाय भिजून फुगतो. भिजलेली चप्पल उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, चामडं वाकडं होतं. कापडानं टिपा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात खाचांच्या रबरी तळाचे बूट घाला आणि एक जोडी मोजे पिशवीत ठेवा.

राजदिंडीवरून आठवलं. जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज याच वाटेनं विशाळगडाकडे निघाले. ते वाचून पुष्कळांना दुपारी तीन वाजता स्फुरण चढतं: चला, मसाई पठारापर्यंत तरी जाऊ! नको. पठार म्हणजे जांभ्याचा उघडा सडा. आडोसा नाही, खुणेला झाड नाही, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. गुरांच्या वाटा इतक्या फुटलेल्या असतात की सगळ्याच खऱ्या वाटतात. वाट चुकली तर आधी थांबा, हाका मारून सगळे एकत्र या, आणि आला त्याच वाटेनं मागे फिरा. ‘खाली गाव दिसतंय, सरळ उतरू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पठारासाठी वेगळा दिवस काढा, सकाळी निघा, नकाशा घरीच उतरवून घ्या. पावनखिंडीपर्यंतची मोहीम तर दोन दिवसांची, तीही माहीतगारासोबत.

पावसाळ्यात निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. पंचगंगा फुगली की केर्लीजवळ रेडेडोहाचं पाणी रस्त्यावर येतं, आणि 2021 च्या जुलैत तर गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. ‘बघू जाऊन’ इथं चालत नाही.

युनेस्कोच्या यादीत 2025 साली जे 12 किल्ले आले त्यात पन्हाळा आहे, म्हणून काही पाहुणे कुंपण आणि तिकीटखिडकी शोधतात. इथं लोक राहतात. बुरुजाशेजारी वाळत घातलेली गोधडी कुणाची तरी आहे. ती बाजूला सारून फोटो काढू नका. आणि एसटीनं आला असाल तर उतरतानाच कंडक्टरला शेवटची गाडी किती वाजता ते विचारून ठेवा.