हँडीकॅमच्या जुन्या कॅसेटी आजच्या स्क्रीनवर नीट कशा आणाव्यात

हँडीकॅमवर काढलेलं लग्न संगणकावर उघडलं, की लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. कॅसेट खराब झालेली नसते. आपल्याकडचे मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटीचे) कॅमेरे पाल या टीव्ही पद्धतीचे: सेकंदाला 25 फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं आणि तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो.

आधी कॅसेट संगणकावर उतरवून घ्या, तीही फायरवायर केबलनेच; कॅमेरा संगणकाला जोडायची ही जुनी केबल. कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा येतो. तासाला साधारण 13 जीबी जागा लागते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यूएसबीतून फक्त फोटो किंवा हलक्या प्रतीचा व्हिडिओ मिळतो. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, त्यामुळे कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप शोधावा लागतो. शोधाच, तेवढं मोल आहे. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात अजिबात घालू नका. कॅमेऱ्यातलं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटींवरही जाते.

आता मुख्य काम, डीइंटरलेस, म्हणजे फील्डांपासून पूर्ण फ्रेम बनवणं. बरीच दुकानं इथे एक फील्ड फेकून देऊन 25 फ्रेमची फाइल देतात. दात जातात, पण निम्मी हालचालही जाते आणि लेझीम अडखळत चालते. त्यापेक्षा दर फील्डची एक फ्रेम करा. हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात फाइल उघडून फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला ‘बीडब्ल्यूडिफ’, प्रीसेट ‘बॉब’, फ्रेम रेट 50 आणि क्वालिटी 18 ठेवा. चित्र पुढेमागे थरथरत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागलाय. डीव्हीमध्ये, म्हणजे या कॅसेटींवरच्या व्हिडिओत, खालचं फील्ड आधी असतं.

चित्र मोठं करणं, कापणं, रंग सुधारणं, सगळं यानंतर. आधी आकार बदललात तर सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग त्या सुटत नाहीत.

एडिटिंगची टाइमलाइन सुरुवातीलाच 50 फ्रेमची घ्या. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती मागाहून बदलता येत नाही. 4:3 चं चित्र 1440 बाय 1080 करा, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. पडदा भरायला ताणलेली नवरा-नवरी बघवत नाहीत. यूट्यूबवर टाकणार असाल तर हा मोठा आकार हवाच, कारण तिथे 50 फ्रेम 720 ओळींच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओलाच मिळतात.

मूळ डीव्ही फाइल मात्र पुसू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.