पहिली नोकरी आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कोड

महाविद्यालयातला प्रकल्प कोऱ्या फाइलपासून सुरू होतो. नोकरीत मात्र पहिल्याच आठवड्यात अनेकांच्या हातांखालून गेलेला कोड समोर येतो आणि तो लिहिणाऱ्यांपैकी कित्येक जण कंपनी सोडून गेलेले असतात. पुण्यातल्या हिंजवडीत किंवा खराडीत नव्याने रुजू झालेला डेव्हलपर सुरुवातीला गांगरतो तो बहुधा यामुळेच. म्हणून पहिले काही आठवडे लिहिण्यापेक्षा वाचण्याचे आहेत, असे धरून चालावे.

आधी प्रकल्प स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहावा. रीडमीमधल्या (प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलमधल्या) सूचना पुष्कळदा जुन्या झालेल्या असतात. जिथे जिथे अडले ती पायरी टिपून ठेवावी आणि त्या सूचना दुरुस्त करणारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, हेच आपले पहिले काम करावे. यात काही बिघडण्याची भीती नसते, पुढच्या नवख्याचा वेळ वाचतो आणि ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) काढण्यापासून ती मूळ कोडमध्ये मर्ज होईपर्यंतची टीमची पद्धत आपसूक कळते.

कोड वाचताना फाइलींमागून फाइली उघडत बसू नये. एकच क्रिया निवडावी, उदाहरणार्थ ग्राहकाने ऑर्डर रद्द करणे, आणि त्या बटणापासून डेटाबेसमधल्या नोंदीपर्यंतचा माग डीबगर (कोड पायरी-पायरीने चालवून दाखवणारे साधन) लावून काढावा. वाटेत एखादी विचित्र अट दिसली, तर लिहिणाऱ्याला हसण्याआधी कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाची ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा चालवावी. नाव दोषारोपाचे असले, तरी ती ओळ शेवटची कोणी आणि कोणत्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) बदलली एवढेच ही आज्ञा सांगते. कमिटवरून टिकेट (त्या कामाची किंवा तक्रारीची नोंद) आणि टिकेटवरून बऱ्याचदा त्या अटीमागचे कारण सापडते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी तयार केलेले गिट आपल्याकडे निव्वळ कोड चढवण्यापुरते वापरले जाते, हे मला खटकते. ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा तर अनेकांच्या गावीही नसते. प्रत्येक चाचणीत उरलेल्यांपैकी निम्मे कमिट बाद होत असल्यामुळे, हजार कमिटांमधून बिघाड आणणारा एक कमिट ती साधारण १० चाचण्यांत हुडकून देते.

अडल्यावर विचारायचे कधी, हा खरा पेच असतो. अर्धा-पाऊण तास स्वतः झगडावे, पण दोन दिवस गप्प बसून स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) ‘काम चालू आहे’ म्हणत राहू नये. नुसते ‘चालत नाही’ असे न लिहिता काय करायचे होते, काय केले, नेमका कोणता एरर आला आणि काय काय तपासून झाले, हे चार वाक्यांत लिहावे. एररचा फोटो न पाठवता मजकूर चिकटवावा, म्हणजे समोरच्याला तो शोधता येतो. असा प्रश्न लिहिता लिहिताच उत्तर सुचल्याचे प्रसंग माझ्यावर इतक्यांदा आले आहेत की, आता मी प्रश्न आधी वहीत लिहितो. (वरिष्ठांना ‘सर’ म्हणायचे की नावाने हाक मारायची, हे टीममध्ये आठवडाभर ऐकून ठरवावे.)

रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी आपला कोड तपासतात तेव्हा, वीस-पंचवीस शेरे आले, तर ते कोडवर आहेत, आपल्यावर नाहीत. बदल लहान ठेवावा. मोकळ्या जागा आणि ओळींची मांडणी सुधारायची असल्यास त्याची पुल रिक्वेस्ट वेगळी करावी, नाहीतर खरा बदल त्या गर्दीत दिसेनासा होतो.

दोन चुका मात्र महागात पडतात. पहिली, पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) कमिटमध्ये जाणे: पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसली, तरी इतिहासात ती राहतेच, म्हणून कोड शेअर झाला असेल तर ती की रद्द करून नवी घ्यावी लागते. दुसरी, प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या, डेटाबेसवर ‘व्हेअर’ची अट न घालता ‘अपडेट’ (नोंदी बदलण्याची आज्ञा) चालवणे. त्याने टेबलमधली प्रत्येक नोंद बदलते. तिथे बदल करण्याची वेळ आलीच, तर आधी त्याच अटीने ‘सिलेक्ट’ (नोंदी नुसत्या दाखवणारी आज्ञा) चालवून किती नोंदी येतात ते पाहावे, ट्रान्झॅक्शन उघडावे (म्हणजे बदल पक्का होईपर्यंत मागे घेता येतो) आणि बदल पक्का करण्यापूर्वी शेजारच्याला स्क्रीन दाखवावी. तरीही चूक झालीच, तर स्वतः निस्तरत न बसता त्याच मिनिटाला टीम लीडला सांगावे, कारण बॅकअपमधून डेटा परत आणताना चूक नेमकी किती वाजता झाली, हेच तो आधी विचारणार असतो.