भाजीपाल्यासाठी जमीन तयार करताना: गाडल्यावर थांबा

नांगरट, ढेकळं फोडणं, तण वेचणं हे कुणाला सांगायला नको. ही यादी रोगांना आवर घालणारी जमीन कशी तयार करायची याची आहे, आणि ती एका घाईमुळे लिहावी लागते आहे. मागच्या खेपेला हिरवळीचं खत, म्हणजे खतासाठीच वाढवलेलं हिरवं पीक, गाडलं आणि आठवडाही न जाऊ देता त्यावर मिरचीचं बी टाकलं. उगवण छान झाली. मग दोन पानांवर असतानाच रोपं आडवी पडू लागली. जमिनीलगत काडी पाणचट होऊन दोऱ्याइतकी बारीक झालेली, वरची पानं मात्र हिरवीगार. वाफेच्या वाफे गेले.

म्हणून आधी पेरणीची तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजत या. शेवटचे तीन आठवडे कोरे ठेवा. त्या तीन आठवड्यांत जमिनीत काही गाडायचं नाही आणि वर काही पेरायचं नाही. त्याच्या मागे हिरवळीच्या खताचे, म्हणजे ताग किंवा धैंच्याचे, सहा-सात आठवडे. फुलोरा यायच्या सुमारास तो गाडायचा, काड्या कडक होऊ द्यायच्या नाहीत. त्याच्याही मागे माती परीक्षण. आराखडा एवढाच, पण घाई सुरू झाली की पहिला बळी त्या कोऱ्या आठवड्यांचा जातो.

थांबायचं का, ते नीट समजून घ्या. ताज्या हिरव्या पाल्यात साखर भरपूर असते. ती मातीत मिसळली की तिच्यावर सगळ्यात आधी तुटून पडतात त्या पिथियम आणि रायझोक्टोनियासारख्या बुरशी, म्हणजे नेमक्या रोपं कोलमडवणाऱ्या. सुरुवातीचे दिवस त्यांचेच. पुढे सोपं अन्न संपतं, कुजवणारे इतर जीव वाढतात आणि अन्न व जागा दोन्हींसाठी या बुरशींना झगडावं लागतं. रोग दबतो तो या दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात बी टाकलं तर तेच खत रोगाचं खाद्य होतं. पांढरी बुरशी, म्हणजे स्क्लेरोशियम, तिचंही असंच. खोडाच्या बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले असतील, तर न कुजलेला पालापाचोळा तिथे पृष्ठभागावर अजिबात नको. तो खोल नांगरटीने खाली जाऊ द्या.

तीन आठवडे हाही अंदाजच. थंडी असेल किंवा ओल कमी असेल तर जास्त लागतात. म्हणून तारखेवर विसंबू नका, माती उकरून पाहा. पानं, काड्या ओळखू येत असतील तर थांबा. आंबूस किंवा अमोनियासारखा उग्र वास येत असेल तर थांबा. खात्रीच करायची तर त्या मातीने एक डबा भरा, त्यात मुळ्याचं किंवा मोहरीचं बी टाका आणि शेजारी चांगल्या मातीचा दुसरा डबा ठेवा. पहिल्यातली रोपं मागे पडली किंवा कोलमडली तर आणखी थांबा.

शेणखतालाही हाच नियम. कच्चं, गरम लागणारं शेणखत शेतात नको. कंपोस्टचा ढीग आतून ५५ अंश सेल्सियसच्या वर तापून काही दिवस तसा राहिला पाहिजे. बाजूचा भाग थंडच राहतो, म्हणून ढीग उलथत राहा. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशींना दाबणारी उपयोगी बुरशी, घालायचा तोही कुजलेल्या खतातच: १०० किलो खताला १ किलो, सावलीत, ओलसर ठेवून, वर गोणपाट टाकून आठवडा-दोन आठवडे. त्याच वेळी त्या जमिनीत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओतू नका, ते ट्रायकोडर्मालाही मारतं. आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतला) नसलेल्या जमिनीत ट्रायकोडर्माची नुसती पावडर टाकून फारसं काही होत नाही.

सामू (मातीचा pH) पाहून मगच चुना. फ्युजेरियम मर (या बुरशीमुळे झाड सुकून जाणं) असेल तर सामू ६.५ ते ७ कडे नेलेला बरा, आणि नत्र अमोनियाच्या रूपात देण्यापेक्षा नायट्रेटच्या रूपात द्या. कोबीच्या मुळांवरच्या गाठींचा रोग रोखायला सामू ७.२ च्या वर लागतो. बटाट्याच्या खवड्या रोगाला (सालीवर खरबरीत डाग) मात्र चुना पोषकच, तिथे घालू नका.

रोपवाटिकेचा वाफा कडक उन्हाळ्यात तापवून घ्या. माती आधी भरपूर ओली करा, कोरडी माती खोलवर तापत नाही. वर पारदर्शक प्लास्टिक, काळं नको. कडा मातीत दाबा, चार ते सहा आठवडे ठेवा. नंतर खोल खणू नका, नाहीतर खालची रोगट माती वर येते.

फेरपालट करताना कुळ बघा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एकच घर. मुळांना सूत्रकृमीच्या (मातीतल्या बारीक किड्यांच्या) गाठी असतील तर भेंडी आणि काकडीवर्गीय पिकंही उपयोगाची नाहीत, त्यांनाही त्याच गाठी येतात. तिथे झेंडू लावा, पण बांधावर दोन-चार झाडं नकोत, सगळ्या वाफ्यात दाट आणि निदान दोन महिने. मोहरी चिरून गाडत असाल तर लगेच पाणी देऊन वरून दाबा. आणि हो, इथेही थांबा. तिच्यातून निघणारा वायू बुरशीला मारतो तसा तुमच्या रोपांनाही मारतो.

निचरा: गादीवाफे उंच करा, पाणी साचू देऊ नका. पिथियमला साचलेलं पाणी आवडतं. वाफसा (माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी स्थिती) नसताना जमिनीत पाय घालू नका.

लागवड संध्याकाळी. रोपं खोल दाबू नका. ठिबक असेल तर उत्तम. आच्छादन खोडाला टेकू देऊ नका. रोगट वाफ्यात शेवटी जा, अवजारं धुवा.

झाड अचानक सुकलं तर खोड कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार उतरली तर ती जिवाणूजन्य मर, तिथे बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. ते झाड मुळांसकट उपटा, शेताबाहेर न्या, खताच्या ढिगावर टाकू नका आणि कोणत्या वाफ्यात होतं ते वहीत लिहून ठेवा.