पिचरच्या चिकट बोटांचा वाद कसा पारखावा

मेजर लीग बेसबॉलच्या सामन्यात अंपायर पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, हात हातात घेतात, तळवा आणि बोटे चिकट आहेत का ते चाचपून पाहतात, टोपी व ग्लोव्ह तपासतात आणि एखाद्या वेळी त्याला थेट मैदानाबाहेर काढतात. त्यानंतर प्रेक्षकांत लगेच दोन तट पडतात. एका तटाच्या दृष्टीने तो पिचर लबाड ठरतो, तर दुसऱ्या तटाच्या दृष्टीने त्याच्यावर अन्याय झालेला असतो. यांपैकी कोणत्याही बाजूला उभे राहण्यापूर्वी काही प्रश्न क्रमाने विचारावेत, म्हणजे वादातील नेमका कोणता भाग नियमाचा आहे, कोणता शास्त्राचा आहे आणि कोणता केवळ अंपायरच्या स्पर्शावर उभा आहे, हे वेगळे काढता येते.

आधी पदार्थ कोणता ते ठरवा

बातमीत ‘चिकट पदार्थ’ एवढेच लिहिलेले असते, आणि तिथेच निम्मा गोंधळ होतो. हातावर सापडू शकणाऱ्या गोष्टींचे किमान चार प्रकार आहेत आणि नियमाच्या दृष्टीने त्यांची पायरी एक नाही.

पहिला प्रकार रोझिनचा. पाइन वृक्षाच्या चिकापासून मिळणाऱ्या राळेची ही पूड एका लहान पुरचुंडीत भरून पिचरच्या मागे, माउंडवरच (चेंडू फेकण्यासाठीच्या मातीच्या उंचवट्यावर) ठेवलेली असते, आणि ती उघड्या हाताला लावण्यास नियमाची परवानगी आहे. चेंडूला, ग्लोव्हला किंवा गणवेशाला मात्र ती लावता येत नाही. दुसरा प्रकार पाइन टारचा, म्हणजे पाइनच्या लाकडापासून मिळणाऱ्या चिकट डांबराचा. बॅटर हाच पदार्थ बॅटच्या मुठीकडील १८ इंचांपर्यंत राजरोस लावू शकतो, पण पिचरच्या अंगावर तो सापडला की गुन्हा होतो. तिसरा प्रकार उन्हापासून संरक्षण करणाऱ्या सनस्क्रीनचा. ते त्वचेसाठी वापरणे स्वाभाविक असले, तरी रोझिनमध्ये मिसळल्यावर त्याचा घट्ट चिकट लेप होतो, आणि म्हणून लीगने हे मिश्रण स्पष्टपणे निषिद्ध ठरवले आहे. चौथा प्रकार ‘स्पायडर टॅक’सारख्या पदार्थांचा. तो मुळात बेसबॉलसाठी नव्हे, तर शक्तिस्पर्धांत दगडाचे अजस्र गोळे उचलणाऱ्या मल्लांसाठी तयार झाला.

या चारांपैकी नेमके काय सापडले, असे अधिकृत निवेदनात म्हटले आहे का, हे पाहावे. बहुतेक वेळा म्हटलेले नसते, कारण अंपायरला पदार्थ ओळखावा लागत नाही. हात निषिद्ध पातळीपर्यंत चिकट आहे, एवढे त्याला वाटणे पुरेसे असते. त्यामुळे ‘अमुक पिचर स्पायडर टॅक वापरताना पकडला गेला’ असे वाक्य वाचनात आले, तर त्याला आधार काय, हे पहिल्यांदा विचारावे.

जुनी सवलत आणि नवा कडकपणा यांतील फरक लक्षात घ्या

चेंडूवर थुंकी किंवा इतर पदार्थ लावण्यावरील बंदी नवी नाही. ती १९२० मध्ये आली आणि तेव्हा ज्यांची उपजीविकाच थुंकीच्या चेंडूवर अवलंबून होती, अशा १७ पिचरांना निवृत्तीपर्यंत सूट देण्यात आली. त्यांतील शेवटचा, बर्ली ग्राइम्स, १९३४ पर्यंत खेळला. म्हणजे आजचा वाद नियम असावा की नसावा याचा नसून, कागदावर शंभर वर्षे असलेला नियम कधी आणि कुणावर लावायचा याचा आहे.

मधल्या काळातील प्रथा समजून घ्यायची असेल, तर २०१४ मधील मायकेल पिनेडाचे प्रकरण पाहावे. एप्रिल महिन्यात बॉस्टनविरुद्धच्या सामन्यात न्यूयॉर्क यांकीजच्या या पिचरच्या तळव्यावर तपकिरी डाग टीव्हीवर सर्वांना दिसला, तरी बॉस्टनने तक्रार केली नाही. दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, त्याच संघाविरुद्ध तो मानेवर पाइन टारचा चकचकीत पट्टा घेऊन उभा राहिला, तेव्हा मात्र प्रतिस्पर्धी व्यवस्थापकाला तक्रार करणे भाग पडले आणि पिनेडावर दहा सामन्यांची बंदी आली. पहिल्या वेळचे मौन हा उदारपणा नव्हता. जवळपास प्रत्येक संघात कुणी ना कुणी असे काही वापरत असल्याने समोरच्याकडे बोट दाखवणे परवडणारे नव्हते. थंड हवेत चेंडू निसटतो, निसटलेला चेंडू ताशी दीडशे किलोमीटर वेगाने बॅटरच्या डोक्याकडे जाऊ शकतो, म्हणून थोडी पकड सर्वांच्याच हिताची आहे, हा युक्तिवादही अनेक बॅटरांना मान्य होता.

ही समजूत मोडली ती पकडीचा उपयोग नियंत्रणापुरता न राहता चेंडूची फिरकी वाढवण्यासाठी होऊ लागल्यावर. २०२१ च्या हंगामाच्या सुरुवातीला लीगची बॅटिंग सरासरी, म्हणजे बॅटिंगच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण, ०.२४० च्या खाली गेली होती. हा आकडा किती वाईट आहे, हे कळण्यासाठी १९६८ चा ०.२३७ हा आकडा आठवावा; त्यानंतर पिचरांचे वर्चस्व कमी करण्यासाठी माउंडची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणावी लागली होती. १५ जून २०२१ रोजी लीगने सक्तीच्या तपासणीची घोषणा केली आणि २१ जूनपासून ती लागू झाली. म्हणून कोणत्याही प्रकरणाची तारीख पाहावी. जून २०२१ पूर्वीचे आणि नंतरचे वर्तन एकाच मापाने मोजणे योग्य नाही, असे माझे मत आहे. नियम तोच असला, तरी तो अमलात आणण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनीच अनेक दशके डोळे मिटून घेतले होते.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी येथे एक काळजी घ्यावी. क्रिकेटमध्ये चेंडू घामाने चमकवणे हे कौशल्य मानले जाते, कारण एकच चेंडू अनेक षटके टिकून हळूहळू बदलतो. बेसबॉलमध्ये मात्र चेंडू डागाळला की लगेच बदलला जातो आणि पिचरने त्याच्या पृष्ठभागाशी काहीही करू नये, हे मूळ गृहीतक आहे. क्रिकेटची फूटपट्टी येथे लावली, तर निष्कर्ष चुकतो.

फिरकीचे आकडे कसे वाचावेत

चार शिवणींवर बोटे ठेवून टाकलेला फास्टबॉल उलट्या दिशेने फिरत जातो. या फिरण्यामुळे हवेचा दाब चेंडूला वर उचलून धरतो, त्यामुळे तो बॅटरच्या अपेक्षेइतका खाली येत नाही आणि बॅट त्याच्या खालून निघून जाते. मेजर लीगमध्ये अशा फास्टबॉलचा फिरण्याचा सरासरी वेग मिनिटाला साधारण २,३०० फेरे असतो. बोटांना चिकटपणा असेल, तर चेंडू सुटण्याच्या शेवटच्या क्षणी बोटे घसरत नाहीत आणि तेच बळ जास्त फिरकीत उतरते.

हे आकडे प्रत्येक चेंडूसाठी सार्वजनिक संकेतस्थळावर उपलब्ध असतात, पण नुसता फिरकीचा आकडा पाहू नये. जोरात टाकलेला चेंडू आपोआप जास्त फिरतो, म्हणून फेऱ्यांना मैलांतील वेगाने भागून गुणोत्तर काढावे. समजा, एखादा पिचर ताशी ९५ मैल वेगाने टाकताना २,२८० फेरे देतो; त्याचे गुणोत्तर २४ झाले. पुढच्या हंगामात त्याच वेगाला २,५६५ फेरे दिसले, तर ते २७ होते. एका पिचरच्या फास्टबॉलचे हे गुणोत्तर सहसा फारसे हलत नाही, त्यामुळे अशी उडी शंका घेण्याजोगी असते, आणि २१ जून २०२१ च्या आगेमागे ते एकदम खाली आले असेल, तर शंका आणखी बळावते.

तरीही तीन पथ्ये पाळावीत. एकाच सामन्याच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. वळणाऱ्या चेंडूंना हे गुणोत्तर लावू नये, कारण तेथे मनगट आणि बोटांच्या तंत्राने फिरकी खरोखर वाढवता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फिरकीचा आकडा हा नियमभंगाचा पुरावा नाही. मार्च २०२१ मध्ये लीगने संघांना कळवले होते की खेळातून बाहेर काढलेले चेंडू तपासले जातील आणि फिरकीच्या आकड्यांची आधीच्या आकड्यांशी तुलना होईल. परंतु मैदानावर पिचरला बाहेर काढले जाते ते अंपायरला त्याच्या हातावर किंवा वस्तूंवर काय जाणवले, यावरून.

स्पर्शाचा पुरावा किती धरावा

माझ्या दृष्टीने या संपूर्ण वादाचे मर्म येथे आहे आणि वाचकाने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा.

१९ एप्रिल २०२३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये न्यूयॉर्क मेट्सचा मॅक्स शर्झर खेळत होता. अंपायर फिल कझी यांनी त्याला आधी हात धुण्यास सांगितले, नंतर ग्लोव्ह बदलण्यास सांगितले आणि चौथ्या डावापूर्वी त्याला बाहेर काढले. लीगच्या अधिकाऱ्यासमोर आपण अल्कोहोलने हात धुतले होते आणि हातावर केवळ घाम व रोझिन होते, असे शर्झरने ठामपणे सांगितले. अंपायर पथकाचे प्रमुख डॅन बेलिनो यांनी मात्र आजवर तपासलेल्या हातांत हा सर्वांत चिकट होता, असे स्पष्ट केले. दोघेही प्रामाणिकपणे बोलत असणे शक्य आहे. अल्कोहोलने ओला झालेला हात आणि त्यावर भरपूर रोझिन यांतून घट्ट चिकटपणा तयार होऊ शकतो. आणि त्याच हंगामापूर्वी लीगने पाठवलेल्या सूचनेनुसार अतिरेकी वापरलेले रोझिनही निषिद्ध पदार्थ मानता येते. म्हणजे ‘ते फक्त रोझिन होते’ हा बचाव खरा असला, तरी पुरेसा ठरत नाही.

मग किती म्हणजे अति? त्याला आकडा नाही. सक्तीची तपासणी सुरू झाल्यापासून शर्झरपर्यंत तिघे पिचर बाहेर काढले गेले होते: २०२१ मधील हेक्टर सँटियागो आणि केलेब स्मिथ, आणि त्यानंतर शर्झर. तिन्ही वेळा निर्णय घेणारे कझीच होते. यावरून ते पक्षपाती होते, असे म्हणणे घाईचे ठरेल. इतर अंपायर ढिले होते, असाही अर्थ काढता येईल. पण हजारो तपासण्यांत एकाच माणसाची बोटे वेगळा निकाल देत असतील, तर मोजमापाची पद्धत कच्ची आहे, हे मान्य करायला हवे. डोमिंगो हेरमानचे उदाहरणही याच अंगाने पाहावे. एप्रिल २०२३ मध्ये जेम्स होय यांच्या पथकाने त्याला रोझिन धुऊन खेळत राहू दिले, उलट त्यावर आक्षेप घेणारे प्रतिस्पर्धी व्यवस्थापकच बाहेर काढले गेले. १६ मे रोजी टोरंटोत त्याच पथकाने त्याला थेट बाहेरचा रस्ता दाखवला.

म्हणून प्रत्येक प्रकरणात पुढील गोष्टी शोधाव्यात: आधी इशारा मिळाला होता का, हात धुण्याची संधी दिली होती का, एकाहून अधिक अंपायरांनी हात तपासला का, आणि खेळाडूने तपासणीआधी हात पुसण्याचा प्रयत्न केला का. शेवटची गोष्ट दिसली, तर संशय रास्त आहे, कारण तसे करणेच नियमाने शिक्षापात्र आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या चमकेला मात्र फार महत्त्व देऊ नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेट्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात सॅन डिएगोच्या जो मसग्रोव्हचे कान तुकतुकीत दिसतात, म्हणून तपासणी मागितली गेली. अंपायरांनी कान चोळून पाहिले, काहीही सापडले नाही आणि तो खेळत राहिला.

शिक्षा आणि अपील

शिक्षा दहा सामन्यांची असते आणि त्या काळात खेळाडूचा पगार चालू राहतो, त्यामुळे ती सौम्य वाटते. प्रत्यक्षात संघाला त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नाही, म्हणून खरा फटका सहकाऱ्यांना बसतो. दर पाच-सहा दिवसांनी सुरुवात करणारा पिचर साधारण दोन सामने गमावतो. जून २०२४ मध्ये शिकागोत बाहेर काढल्या गेलेल्या एडविन डियाससारख्या शेवटच्या डावात येणाऱ्या पिचरला मात्र दहाही सामने भोवतात.

खेळाडूने अपील मागे घेतले, तर तो गुन्हा कबूल करत आहे, असे समजू नये. सुनावणी तटस्थ लवादापुढे होणार नाही, हे कळल्यावर शर्झरने अपील सोडून दिले आणि बंदीबरोबर दंडही स्वीकारला. ज्या लीगचे अंपायर, त्याच लीगचा अधिकारी सुनावणीला, अशी ही रचना आहे. अपील फेटाळले गेल्याची बातमी वाचताना हे ध्यानात असावे.

चेंडूकडेही पाहा

मेजर लीगचा नवा चेंडू गुळगुळीत असतो. न्यू जर्सीतील डेलावेअर नदीच्या उपनदीकाठचा चिखल चोळून त्याची चकाकी सामन्याआधी घालवली जाते; हे काम माणसे हाताने करतात, त्यामुळे सर्व चेंडू अगदी सारखे होत नाहीत. जपानमधील व्यावसायिक लीगचा चेंडू मुळातच अधिक पकड देतो आणि तेथून अमेरिकेत येणाऱ्या पिचरांना हा फरक लगेच जाणवतो. मेजर लीगने २०२३ मध्ये आपल्या खालच्या स्तरावरील सदर्न लीगमध्ये हंगामाच्या पूर्वार्धात आधीच किंचित चिकट केलेला चेंडू वापरून पाहिला आणि उत्तरार्धात पुन्हा नेहमीचा चेंडू आणला. असा चेंडू मोठ्या लीगमध्ये आला, तर रोझिनचा अतिरेक करण्याचे कारणच बरेचसे उरणार नाही आणि ज्याच्या हाताला तरीही काही चिकट लागेल, त्याला थंड हवेची सबब सांगता येणार नाही.

तोपर्यंत नव्या प्रकरणाची बातमी आली की अधिकृत निवेदन, अंपायर पथकाच्या प्रमुखाने सामन्यानंतर पत्रकारांना दिलेले स्पष्टीकरण आणि त्या पिचरच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांतील फास्टबॉलची गुणोत्तरे, या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. त्या एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर मत बनवण्यास हरकत नाही.