लॅपटॉपला डोंगल आणि प्रीपेड सिम जोडताना

जुना थ्रीजी डोंगल (सिम घालून लॅपटॉपला इंटरनेट देणारी यूएसबी कांडी) स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. जिओला तर तो चालणारच नाही, फोरजीच लागतो. सिम आधी फोनमध्ये घालून रिचार्ज करा, इंटरनेट सुरू झालंय का ते बघा आणि सिमचा पिन लॉक काढून टाका. नॅनो सिम अडॅप्टरमध्ये (मोठ्या खाचेसाठीच्या चौकटीत) बसवून सरकवताना अडकलं, तर ओढू नका. आतल्या बारीक पिना वाकतात.

डोंगल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. साध्या हबमधून (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडणीतून) वीज कमी पडते आणि कनेक्शन सारखं तुटतं. दिवा लागला, सिग्नलही आहे, पण पान उघडत नाही? बहुतेक वेळा एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या इंटरनेटला जोडणारं नाव, चुकलेलं असतं. डोंगलच्या सेटिंग पानावर (पत्ता डोंगलवर छापलेला असतो) जिओसाठी जिओनेट (jionet), एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम (airtelgprs.com), रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहा.

खरा घात विंडोज करतं. डोंगल त्याला वायफाय किंवा केबलसारखाच दिसतो, म्हणून ते मागच्या मागे अपडेट उतरवतं आणि दिवसाचा दीड जीबी सकाळीच संपतो. त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणारी सेटिंग) आधी चालू करा. वनड्राइव्हचं सिंकही (फायली आपोआप ऑनलाइन साठवणं) थांबवा.